वाढले

सुप्रभाबाईंच्या स्वयंपाकघरात काहीही संपत नसे. मीठ वाढे, तांदूळ वाढत, आणि बांगडी फुटली तरी ती वाढली असंच म्हणायचं. 'संपलं' हा शब्द घरात काढायचा नाही, ही आईची शिस्त त्यांनी पुण्याहून थेट लंडनजवळच्या स्टॅनमोरला आणली होती. त्यांचे यजमान डॉक्टर पद्माकर हसत आणि मुकाट्यानं मीठ आणायला जात.

डॉक्टरांना जाऊन नऊ महिने झाले होते. एकुलती एक मीनल ब्रिस्टलच्या एका म्युझियममध्ये किड्यांच्या विभागात नोकरीला होती. तिशी आली, पण आईकडे यायला बाईसाहेबांना सवड नव्हती; रविवारी सात मिनिटं फोन, तोही घड्याळाकडे बघत. सप्टेंबर १९९३मधल्या एका शनिवारी ती बाबांचे कागद आवरायला म्हणून आली आणि जुनी डायरी हातात धरून जिन्याखालच्या कपाटासमोर मटकन बसली.

"आई, बाबांची डायरीमध्ये काय लिहिला आहे बघ! फेब्रुवारी सिक्स्टी-एट. 'डब्यातले सगळे वाढले.' They bred, आई! इथे, आपल्या घरात!"

डब्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. डॉक्टरांनी दक्षिण अटलांटिकमधल्या एका एकाकी बेटावरच्या हॉस्पिटलात दोन वर्षं काढली होती. येताना त्यांनी बिस्किटांच्या डब्यात माती भरून त्यात इअरविगची एक मादी आणली. शेपटीला चिमटा असलेला हा किडा इंग्लंडात कुठल्याही कुंडीखाली सापडतो, नखाएवढा. बेटावरचा मात्र तळहाताएवढा. पुढे तो कुणाला दिसलाच नाही. १९९३मध्येच एक मोहीम तिकडे जाऊन एक वाळका चिमटा घेऊन परतली होती, आणि त्या मोहिमेत मीनलला घेतलं नव्हतं.

सुप्रभाबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मीनल म्हणाली, "मी आता every Saturday येणार. शोधायला."

सुप्रभाबाईंनी तोंड मिटलं.

खरं एवढंच होतं की त्या फेब्रुवारीत डॉक्टर ड्यूटीवर असताना त्यांनी डबा उघडून पाहिला होता. मादी पांढऱ्या अंड्यांच्या ढिगावर बसली होती आणि तिनं चिमटा उगारला. बाई किंचाळल्या, डबा कपाटाच्या तळच्या फळ्यांच्या फटीत उपडा केला आणि वर किटलीभर उकळतं पाणी ओतलं. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं तेव्हा 'मेले' म्हणवेना. त्या म्हणाल्या, "वाढले." डॉक्टर समजले. दोन दिवस बोलले नाहीत, मग बायकोचाच शब्द त्यांनी डायरीत उतरवला.

आता लेक दर शनिवारी येऊ लागली. फळ्या उचकटल्या, बाहेरच्या भिंतीतल्या हवेच्या भोकाची जाळी काढून फळ्यांखाली टॉर्च मारला, जुन्या डब्यात ताजी माती घालून वर आमिष म्हणून बटाट्याची चकती ठेवली. दुपारी दोघी वरणभात खात. निघताना ती "जाते मी" म्हणे, आणि "जाते नाही, येते म्हणावं" असं सुप्रभाबाई म्हणत. किती वर्षांत घर इतकं भरलं नव्हतं! मग काय, शुक्रवारी त्या गुपचूप कपाटात वाकायच्या आणि सुरीनं बटाट्याच्या कडा कुरतडून ठेवायच्या. म्हातारपणी माणूस किती हलकं होतं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटे.

ऑक्टोबरअखेर मीनल उड्या मारतच आली. "आई, माझे boss येणार आहेत Monday ला. मी त्यांना report लिहिला."

आता मात्र चार माणसांत लेकीचं हसं होणार होतं. सुप्रभाबाईंनी सगळं सांगून टाकलं. शब्दाचा अर्थ सांगितला, किटली सांगितली.

"आणि बटाटा?"

"मीच. सुरीनं."

मीनल रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पांढरी पडली. "जाते मी," म्हणाली, आणि त्या दिवशी सुप्रभाबाईंना तिला सुधारायचं धैर्य झालं नाही. सोमवारी कुणी आलं नाही, आणि काढलेली जाळीही तशीच राहिली.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला त्या मटार सोलत असताना कपाटातून आवाज आला, सुपात कुणी तांदूळ घोळवावेत तसा. त्यांनी रेडिओ मोठा केला. मग रेडिओ बंद केला. आवाज चालूच होता.

चकती आरपार खाल्लेली होती आणि सुरी तर ओट्यावर होती. मातीत खळगा होता, खळग्यात पांढरी अंडी, आणि त्यांच्यावर ती. तळहाताएवढी, काळी. तिनं चिमटा उगारला. पंचवीस वर्षांपूर्वी उगारला होता अगदी तसाच. या वेळी सुप्रभाबाई किंचाळल्या नाहीत. त्यांना तिच्यासमोर लाज वाटली.

त्यांनी ब्रिस्टलला फोन लावला. "मीनल, अंडी आहेत गं! मी काही केलं नाही, शप्पथ. वाढले गं, खरंच वाढले!"

"हो आई. मला कळला आता त्याचा meaning," मीनल म्हणाली आणि फोन ठेवला.

शेजारणीला दाखवावं तर ती कौन्सिलचा किडे मारणारा माणूस बोलवायची. सुप्रभाबाई रोज स्टूल घेऊन कपाटासमोर बसू लागल्या. ती एकेक अंडं तोंडात धरून साफ करायची, परत जागेवर ठेवायची. बटाट्याला शिवत नव्हती. दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या.

डिसेंबरात डॉक्टरांचं वर्षश्राद्ध आलं. आठवडाभर पांढरं दव गोठत होतं; तयारीच्या गडबडीत दोन दिवस सुप्रभाबाई कपाटाकडे फिरकल्या नव्हत्या. मीनल आली, आईशी न बोलता बूट काढायला कपाटाशी वाकली आणि तशीच राहिली.

डब्यात मादीचं नुसतं टरफल होतं. पिल्लांनी आतून खाऊन पोकळ केलेलं, पण चिमटा अजून अंड्यांच्या सालींवर उगारलेला. मातीवरून बारीक पावलांच्या रेघा फळीच्या फटीत गेल्या होत्या.

"आई, बाकीचे कुठे?"

सुप्रभाबाई पुढे आणि मीनल मागे, अशा दोघी घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी गेल्या. जाळी नसलेल्या भोकापासून गवतापर्यंत, गोठलेल्या दवावर ती एका रांगेत पडली होती. चाळीसएक पिल्लं, काचेसारखी कडक, चिमटे अजून पांढरे आणि कोवळे.

मीनल गुडघ्यांवर बसली. तिनं एक उचललं. ते बोटांतच मोडलं.

"आई?"

"वाढले," सुप्रभाबाई म्हणाल्या.

मीनलनं अर्थ विचारला नाही.