झाकणावर हात ठेवून बोला

मित्रांनो, आधी त्या भालचंद्राचं ऐका. सिंचन खात्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेला, केस पिकलेला माणूस, आणि मला पायानं ढकलतो. हातानं नाही, पायानं! पोटात पुस्तकं असताना! भोपाळच्या मिसरोद भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये त्यानं मला पलंगाखाली लोटलं आणि वर म्हणाला, "पड तिथं. शोभावहिनीला सांगतो, द्या ही भंगारात."

हाच अर्ध्या चड्डीत माझ्यावर बसून चिवडा खायचा. तेव्हा कुठं गेला होता हा रुबाब?

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. जन्म नागपूरच्या इतवारीतला. ज्यानं मला ठोकून घडवलं त्याचा हात जड होता, पण काम चोख. आजही माझा एक सांधा सुटलेला नाही. कडी पितळेची. राजधानी बदलली आणि सरकारी कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या तेव्हा शोभाच्या सासऱ्यांनी मला विकत घेतलं. कपडे वरवर आणि खाली सगळी पुस्तकं. भोपाळला उतरल्यावर त्यांना कळलं, की इथं मराठी माणसं आहेत पण मराठी पुस्तक मिळत नाही. मग कपडे खुंटीवर गेले आणि मी घरोघर फिरू लागले. एका घरी महिनाभर मुक्काम, मग पुढच्या घरी. फेरी संपली की परत त्यांच्या घरी, आता शोभाकडे.

सासऱ्यांनी दोन नियम घातले. पुस्तकाला पेन, सुरी, कात्री लावायची नाही. आणि फेरी संपली की सगळ्यांनी जमायचं, माझ्या झाकणावर हात ठेवायचा आणि काय वाचलं, कसं वाटलं, ते बोलायचं.

मला अक्षर येत नाही, मित्रांनो. पोटात एवढी विद्या, पण डोक्यात काही नाही. माणसं मोठ्यानं बोलतात तेवढंच मला समजतं. पण हात मला वाचता येतो. खरं बोलणाऱ्याचा हात झाकणावर नुसता पडून असतो. खोटं बोलणाऱ्याचा हात ओला होतो. एके काळी इतके हात पडायचे की शोभाच्या सासूबाई झाकण पुसून पुसून कंटाळायच्या. "पेटी आली, पेटी आली" म्हणत पोरं जिन्यापर्यंत धावायची. आता लिफ्टनं आणतात आणि चपलांच्या शेजारी ठेवतात. वंदनानं तर जवाहर चौकातल्या तिच्या घरी माझ्यावर कुकर ठेवला होता. गरम!

या वर्षी शोभानं सांगून टाकलं, "माझे गुडघे गेले. पेटी कोण सांभाळणार? या फेरीत एक तरी पुस्तक कुणी शेवटपर्यंत वाचलेलं निघालं, तर चालू ठेवू. नाहीतर भंगारवाल्याला बोलावते."

ते ऐकल्यापासून माझा पत्रा थंड पडला. माझ्या जोडीला एक धाकटी पेटी होती, तांदूळ ठेवायची. तिला विकली तेव्हा मी खिडकीशी होते. भंगारवाल्यानं तिला रस्त्यातच आडवी पाडली आणि हातोड्यानं चपटी केली, ठेल्यावर जागा कमी लागावी म्हणून. पहिल्या घावाला ती वाजली. नंतर वाजली नाही. तेव्हापासून गल्लीत "लोहा, टीन, रद्दी" अशी आरोळी आली की माझी कडी आपोआप हलते.

या फेरीत माझ्या पोटात एक नवी कादंबरी होती, 'मायागडाचं नववं दार'. माणसं डोळ्यांवर एक लहानशी पेटी बांधतात (तिलाही पेटीच म्हणायचं म्हणे, काय जमाना आलाय) आणि एका खेळाच्या आत शिरतात. आत गड आहे, उडणारे नाग आहेत, जादूगारणी आहेत. बाहेर यायचं तर बाहेरच्या कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी लागते. एवढं मला ऐकून माहीत.

आणि एक गोष्ट मला एकटीलाच माहीत होती. त्या पुस्तकाची मधली पानं छापखान्यात कापायची राहिली होती. कडेला जोडलेली, घडीच्या घडी. पोटात ती घडी मला बोचायची. ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं ती पानं कापलेली असणार. मी प्रत्येक घरातून निघताना चाचपून बघत होते. वंदनाकडून निघाले, घडी तशीच. महाराणा प्रताप नगरात शैलेंद्र आणि त्याची बायको मानसी यांच्याकडून निघाले, तशीच. भालचंद्राकडे जरा आशा वाटली, कारण पुस्तक बरेच दिवस बाहेर होतं. पण हा माणूस भर दुपारी घरभर "माझी बॅटरी कुठं गेली, माझी बॅटरी" करत फिरत होता. मी म्हटलं, गेला. बायको वारली, मुलगा बंगळूरला, एकटं राहून याचं डोकं फिरलं. मग एके दिवशी त्यानं पुस्तक माझ्यात आदळलं आणि ती लाथ. घडी? तशीच.

मित्रांनो, मी फार घाबरले. कुणी त्या पानांवर बोट ठेवलं की संपलं. सगळे खोटे ठरणार, आणि चपटी होणार मी.

शोभाच्या शाहपुऱ्याच्या घरी सगळे जमले. चहा झाला. खाली रस्त्यावर आरोळी आली, "लोहा, टीन, रद्दी..." शोभा खिडकीतून म्हणाली, "भैया, थोडा रुको." माझी कडी हलली. कुणाचं लक्ष नव्हतं.

वंदनानं झाकणावर हात ठेवला. ओला, पोहे निथळावेत तसा. "भाषा अगदी ओघवती. पात्रं जिवंत. शेवट तर काय, काळजाला भिडतो बाई."

"मागच्या फेरीतल्या पाककृतींच्या पुस्तकाचाही शेवट तुझ्या काळजाला भिडला होता," शोभा म्हणाली.

मानसी म्हणाली, "मुलीच्या हातात तलवार दिली ते मला आवडलं. बाकी... वेळच नाही हो मिळत, काकू."

शैलेंद्रानं हात ठेवलाच नाही. "नेटवर साडेचार स्टार आहेत. लोकं बोलतात मस्त आहे, म्हणजे मस्तच असणार ना यार."

"आणि भावजी तुम्ही?"

"भिकार पुस्तक!" भालचंद्र कोपऱ्यातून गरजला. "छपाईसुद्धा भिकार. असली पुस्तकं पेटीत घालता, म्हणूनच म्हणतो द्या ती भंगारात."

शोभानं पुस्तक उचललं. पान उलटलं, आणखी उलटलं, आणि थांबली.

"वंदना, ही मधली पानं कापलेलीच नाहीत."

"अगंबाई! मला वाटलं... मी जरा वरवर वाचते ना."

"मानसी? शैलेंद्र?" मानसी चहाचे कप गोळा करू लागली. शोभानं पुस्तक मिटलं. तिचा आवाज रागावलेला नव्हता, दमलेला होता. "ठीक आहे. शैलेंद्र, एका बाजूनं धर. खाली नेऊ."

शैलेंद्रानं मला उचललं. जमीन सुटली. मला धाकटीचा तो पहिला आवाज ऐकू आला.

"थांबा," भालचंद्र म्हणाला. "मी वाचलंय."

शैलेंद्र हसला. "काका, पानं बंद आहेत. एक्सरे काढला काय?"

"बॅटरी लावून वाचलं. पानं कडेला जोडलेली आहेत, वरून खालून उघडी आहेत. नळीसारखं धरायचं, आत उजेड मारायचा, डोळा लावायचा. मान मोडली माझी."

"अहो, पण सुरी नव्हती का घरात?"

"पेटीच्या पुस्तकाला सुरी?" तो असा भडकला की वंदना मागे सरकली. "वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी कान पिळला असता माझा!"

शोभानं मला खाली ठेवायला लावलं. झाकणाकडे बोट दाखवलं. "मग हात ठेवा आणि सांगा. काय आहे आत?"

भालचंद्रानं हात ठेवला. कोरडा होता.

"नवव्या दारावर एक म्हातारा पहारेकरी असतो. सगळ्यांना वाटतं तो खेळातलाच आहे. नसतो. तो पण बाहेरूनच आलेला. त्याला बाहेरून कुणी हाकच मारली नाही. वाट बघता बघता तो स्वतःचं नाव विसरला. ती तलवारवाली पोरगी त्याला विचारते, आजोबा, तुमचं नाव काय? आणि तो..." भालचंद्रानं माझी कडी उगाच खालीवर केली. "मी पुस्तक मिटलं आणि घरात मोठ्यानं माझं नाव घेऊन बघितलं. आवाज ओळखीचा वाटेना. फार वाईट पुस्तक आहे. ठेवू नका घरात."

शोभा आत गेली, सुरी घेऊन आली. म्हणाली, "सासऱ्यांची माफी मागून." तिनं घडी कापली. पहारेकरी तिथंच होता, पोरगी तिथंच होती. शोभानं ते पान मोठ्यानं वाचलं आणि वंदनानं पहिल्यांदा खरोखर पदर डोळ्याला लावला.

मग शोभा खिडकीशी गेली. "जाओ भैया, कुछ नहीं है." वळून म्हणाली, "भावजी, पुढची फेरी तुमच्यापासून. शनिवारी पेटी घेऊन मी तुमच्याकडे येते. कुकर लावून ठेवा. आणि रोज संध्याकाळी फोन करीन. नावानं हाक मारीन."

"रोज कशाला?" तो पुटपुटला. हात मात्र झाकणावरून काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी माझ्यासारखी असेल, दाराशी, चपलांजवळ. तिच्यावर कुकर ठेवू नका. तिच्या पोटातलं उघडून बघा, मगच चांगलं म्हणा किंवा वाईट म्हणा. आणि घरातल्या म्हाताऱ्याला जेवायला बोलवाल तेव्हा नाव घेऊन बोलवा.

राहिला भालचंद्राचा निकाल. मला तोंड नाही, झाकण आहे. सगळे निघताना पुस्तक ठेवायला शोभानं ते उघडलं तेव्हा मी सगळा गंज एकवटून करकरले. बाकीच्यांनी तेल घालायचं ठरवलं. भालचंद्र तेवढा दचकून वळला. त्यालाच म्हटलं होतं मी:

"भालचंद्रा! पाय लावलास, त्याची माफी नाही. पण वाचून शिवी दिलीस. वंदनाच्या आरतीपेक्षा तुझी शिवी मला गोड. बस इथं, माझ्यावर. चिवडा सांडलास तरी चालेल."