होडीच्या खुंटीवरचं फडकं

धाकटीला या प्रवासातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई निव्वळ सेवेसाठी निघाली. सेवा होतीच, नाही कशाला म्हणा. पण ती वरकड. मुद्दल होतं एक फोटो. परदेशातल्या बालगृहात मुलांच्या घोळक्यात मधोमध धाकटी, दोन मुलं मांडीवर, एक गळ्यात, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू समोर कॅमेरा आहे हे बाईंच्या गावीही नाही. हा फोटो सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर पडला की थोरलीचा चहा कडू व्हायलाच हवा.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. लेक परदेशी असल्यामुळे थोरली वरचेवर तिकडे जायची आणि बर्फाचे, पुलांचे, एवढंच काय, दुकानातल्या भोपळ्यांचेसुद्धा फोटो पाठवायची. धाकटीचा मुलगा राहायचा पलीकडच्या गल्लीत. पलीकडच्या गल्लीचे फोटो कुणाला दाखवायचे? तेव्हा शाळेतली नोकरी संपताच धाकटीने स्वयंसेवक पाठवणारी एक संस्था शोधली, अर्ज केला, केस काळे करून घेतले आणि मग घरात जाहीर केलं.

नवरा म्हणाला, "अगं, मुलांचंच करायचंय तर नातवाला सांभाळ की दुपारचं. सूनबाई किती दिवस विचारतेय."

"त्याचा काय फोटो टाकू?" धाकटी म्हणाली. विषय संपला.

तिथली भाषा ती फोनवरून शिकून गेली होती. म्हणजे स्टेशन कुठे आहे हे तिला फर्डं विचारता यायचं आणि उत्तर अजिबात कळायचं नाही. तेव्हा पुढचं बोलणं इथे मराठीत दिलं असलं, तरी प्रत्यक्षात त्यात निम्मे हातवारे होते, हे ध्यानात असू द्या.

बालगृहाच्या व्यवस्थापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी दारातच सांगितलं, "मुलांचे फोटो काढायचे नाहीत. चेहरा नाही, पाठ नाही, सावलीसुद्धा नाही."

धाकटीच्या हातातली पेटी तिथेच जड झाली.

"आणि मुलांना ओढून मांडीवर घ्यायचं नाही. मूल आपणहून येऊन बसलं तर बसू द्या."

एकही मूल येऊन बसलं नाही. उलट काळ्याभोर केसांकडे काडीचंही लक्ष न देता पहिल्याच दुपारी सगळी तिला "आजी" म्हणू लागली.

मग संसार सुरू झाला. न्हाणीघरातला नळ डावीकडे फिरवला की उकळतं पाणी आणि उजवीकडे फिरवला की बर्फाचं; मधे कुठेतरी माणसाला सोसेल असं पाणी आहे म्हणतात, धाकटीला ते सापडलं नाही. खोलीचं दार बाहेर पडताच आपलं आपण बंद व्हायचं. पहिल्या सकाळी ती गाऊनवर, दात घासायचा ब्रश तोंडात, अशी व्हरांड्यात अडकली आणि साऱ्या बालगृहाने शाळेला जाता जाता तिचं दर्शन घेतलं. स्वयंपाकघरात तिने हौसेने तव्यावर काहीतरी परतायला घेतलं, तर छतावरची धुराची घंटा ठणाणा वाजली. सगळी मुलं रांगेत बाहेर पडून अंगणात उभी राहिली. धाकटीला वाटलं, स्वागत चाललंय. तिने खिडकीतून हात हलवला. मोठ्या बाईंनी आत येऊन गॅस बंद केला आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"अजून एक असा प्रकार झाला," त्या म्हणाल्या, "तर मी संस्थेला कळवीन, की तुम्हाला घरी पाठवा."

झालं! पाचावर धारण बसली. मुदतीआधी परत जाणं म्हणजे काय, हे धाकटीला नीट माहीत होतं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला थोरली गोड आवाजात विचारणार, "काय गं, लवकर आलीस ती? हवा मानवली नाही का?" मरेपर्यंत विचारणार. तेव्हा दोन गोष्टी ठरल्या. इथून मुदतीआधी हलायचं नाही. आणि काहीतरी फोटो मिळवायचाच.

न्हाणीघराबाहेरच्या लांब व्हरांड्यात भिंतीला बुटक्या खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीवर एक चित्र: बदक, छत्री, किल्ली, होडी. ज्यांना वाचता येत नाही अशा लहानग्यांची ही सोय. खाली ज्याचा त्याचा टॉवेल. मुलं एकमेकांना हाकासुद्धा चित्रावरूनच मारायची. मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशी या खुंट्यांबद्दल बरंच काही सांगितलं होतं. धाकटीने त्या भाषेतल्या प्रत्येक गोष्टीला हलवायची तशी मान हलवली होती.

आता तिला तीच रांग आठवली. खुंट्यांना काही चेहरा नसतो! पेटीत सोसायटीच्या महिला मंडळाने भेट दिलेले कोरे पिवळेधमक टॉवेल होतेच. मुलं शाळेत, मोठ्या बाई कामाला बाहेर. धाकटीने सगळे जुने टॉवेल भराभर काढले आणि धुलाईच्या यंत्रात कोंबले. बटणांवरचं काही वाचता येईना, म्हणून सगळ्यात मोठं दिसलं ते दाबलं.

होडीच्या खुंटीवर टॉवेल नव्हताच; फडकं होतं. कधीकाळी निळं असावं. मधे भोक, कडेने दोरे लोंबताहेत. धाकटीने ते दोन बोटांत धरलं, नाक मुरडलं, तेवढ्यात फाटकाशी कचऱ्याची गाडी लागली. ती स्वतः धावत गेली आणि स्वतःच्या हाताने ते फडकं गाडीत टाकून आली. गाडीवाल्याने तिला हसून हात केला. इतक्या तत्परतेने तिने त्या घरात दुसरं कुठलंच काम केलेलं नव्हतं.

पिवळे टॉवेल एका रेषेत लागले. फोटो काय झकास आला! खाली लिहिलं, "माझ्या लेकरांसाठी छोटीशी भेट." ग्रुपवर अंगठे उगवू लागले, नणंदेने हात जोडले. थोरलीने पाहिलं होतं आणि ती गप्प होती. धाकटीने त्या गप्पपणाची चव जिभेवर घोळवली.

मग मुलं आली.

दंगा करत व्हरांड्यात शिरली आणि एकदम थांबली. लहानग्यांपैकी दोघं-तिघं रडायला लागली. मोठी मात्र रडली नाहीत. ती मुकाट्याने आपापल्या खोलीत गेली, पलंगाखालून पिशव्या ओढल्या आणि कपडे भरू लागली. घड्या व्यवस्थित होत्या. कामाचा सराव दिसत होता.

"अरे, काय झालं? कुठे निघालात?" धाकटी या खोलीतून त्या खोलीत धावत होती.

किल्ली नावाच्या मोठ्या मुलाने मान वर न करता विचारलं, "नवी मुलं कधी येणार?"

"कुठली नवी मुलं?"

"आमच्या खुंट्यांवरची."

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या, आणि पहिल्या दिवशी जे सांगून झालं होतं ते त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. मूल घर सोडून जातं तेव्हा त्याचा टॉवेल खुंटीवरून निघतो. खुंटीवर कोरा टॉवेल लागला, की त्या जागी दुसरं मूल आलं. या घरात निरोपाची दुसरी रीत नाही. टॉवेल धुवायचा तर एकेक धुतात, आणि तोही ते मूल शेजारी उभं असताना.

"आणि तुम्ही," मोठ्या बाई म्हणाल्या, "एका दुपारीत सगळं घर रिकामं केलंत."

धाकटी यंत्राकडे धावली. यंत्राचं दार उघडेना. काम पुरं झाल्याशिवाय ते उघडायचंच नाही, आणि तिने दाबलं होतं सगळ्यात लांबलचक कामाचं बटण. शेवटी मोठ्या बाईंनी साऱ्या मुलांना यंत्रासमोर फरशीवर बसवलं. गोल काचेतून टॉवेल गरगरताना दिसत होते.

"तो माझा! बदकाचा!"

"छत्री गेली बघ, छत्री! परत येईल."

"तुझा माझ्या टॉवेलला मारतोय!"

"मारू दे, तुझा तसाही घाणेरडा आहे."

हळूहळू हसू फुटलं, पिशव्या कोपऱ्यात सरकल्या. धाकटीने सुटकेचा श्वास सोडला, आणि तेव्हा तिचं लक्ष होडीकडे गेलं. शेंबड्या नाकाची, दात पडलेली ती पोरगी काचेला कपाळ टेकून उभी होती आणि एकदाही ओरडली नव्हती.

"आजी, माझा दिसत नाहीये."

धाकटीला आयुष्यात प्रथमच त्या भाषेतलं वाक्य पहिल्या फटक्यात कळलं. ती काय सांगणार? तिने फाटकाकडे बोट केलं. मग कचऱ्याच्या गाडीची खूण केली. ती खूण करताना माणूस किती हास्यास्पद दिसतो, हेही तिला कळलं. होडी हसली नाही.

"त्यातच गुंडाळून तिला इथे आणलं होतं," मोठ्या बाई हळू म्हणाल्या. मग कचरागाडीवाल्यांना फोन करून आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गाडी रिकामीसुद्धा झाली. आता तुमचं काय करायचं ते होडी ठरवेल. ती म्हणाली राहा, तर राहा. नाहीतर उद्या मी संस्थेला कळवते."

त्याच क्षणी फोन वाजला. थोरलीने अखेर लिहिलं होतं, "टॉवेल छान आहेत गं. मुलं कुठे आहेत?"

सगळ्या खानदानासमोर असली चपराक बसूनही धाकटीला उत्तर द्यायला सवड नव्हती. फडक्याच्या बदल्यात हवं ते घे म्हणून उघडून दिलेल्या पेटीसमोर होडी धाकटीच्या खोलीत उकिडवी बसली होती आणि एकेक वस्तू तपासून बाजूला टाकत होती. पिवळा टॉवेल? नको. खेळण्यातली मोटार? नको. निरोपाच्या समारंभासाठी आणलेली रेशमी साडी तिने गालाला लावून पाहिली आणि नापास केली. मग पेटी सोडून ती उठली आणि दारामागे वाळत घातलेला धाकटीचा स्वतःचा टॉवेल तिने ओढून काढला.

तो मुलाच्या जन्माच्या वेळचा होता. त्यात गुंडाळूनच मुलाला घरी आणलं होतं. विरलेला, मऊ, रंग गेलेला. थोरली त्याला उघड उघड फडकं म्हणायची आणि धाकटीला दर वेळी राग यायचा.

"तो नको गं, सोन्या. तो माझा आहे. जुना आहे."

"माझापण जुना होता," होडी म्हणाली, आणि टॉवेल बगलेत मारून उभी राहिली. भाव ठरला होता, घासाघीस नव्हती.

"बरं. घे."

होडीने दारातून मोठ्या बाईंना ओरडून सांगितलं, "आजी राहू दे!"

आता हिशेब. मुलांना आपापले टॉवेल मिळाले. साबणाचा वास येतो म्हणून पुढे किती तरी दिवस कुरकुर चालली. पिवळे टॉवेल फरशी पुसायला लावले, पण कोरे असल्यामुळे ते पाणी टिपत नाहीत, नुसतं इकडून तिकडे नेतात. त्यातलाच एक धाकटीच्या वाट्याला आला. उरलेली सगळी मुदत तिने ओल्या केसांनी न्याहारी वाढली आणि शिंका दिल्या. केसांचा रंग उतरला. मुदत मात्र पुरी झाली. ग्रुपवरचा फोटो तिने काढून टाकला. थोरलीचा चहा गोडच राहिला. नातू पाळणाघरात जाऊ लागला होता आणि आजी कोण, हे त्याला फोटोत दाखवावं लागत होतं.

फडक्याला फडकं, फिटंफाट, असं कुणीही म्हणेल. पण कचऱ्याची गाडी आली, की होडी हातातलं टाकून फाटकाशी जायची आणि आत डोकावून बघायची, गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथेच थांबायची. धाकटी तिच्या मागे उभी असायची, शिंकत. गाडीवाला दर वेळी हसून हात करायचा. दोघींपैकी कुणीही त्याला उलट हात केला नाही.