श्रावणातली कोलंबी

मी एक कार्पेट अ‍ॅनिमोन बोलतोय. बदलापूर पूर्वेला, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार फुटांची काचेची टाकी आहे. तिच्या तळाशी वाळूत पाय रोवून मी राहतो. मराठीत मला समुद्रफूल म्हणतात. मी फूल नाही. मी प्राणी आहे. मला तोंड आहे, पोट आहे आणि हात म्हणाल तर हजारो आहेत. तरी पाहुणे येतात, काचेवर टकटक करतात आणि विचारतात, हे प्लास्टिकचं आहे का. अशा लोकांबद्दल मी काय मत करून घ्यावं, तुम्हीच सांगा.

मला डोळे नाहीत, कान नाहीत. पण काचेजवळ जे घडतं, ते पाण्यातून माझ्या अंगाला कळतं. या घरात आल्यापासून जे जे कळलं, त्याने माणसांविषयी आदर वाढावा असं काही नव्हतं.

माझा जन्म उथळ, उबदार समुद्रातला. एका पाणबुड्याने मला खडकावरून खरवडून काढलं, त्यात माझ्या पायाला चीर गेली. मग प्लास्टिकची पिशवी, थर्माकोलचा खोका, विमान, टेम्पो, आणि शेवटी उल्हासनगरातलं माशांचं एक दुकान. तिथे माझ्या शेजारी एक पिवळाधमक अ‍ॅनिमोन होता. तो मुळात पिवळा नव्हता, त्याला रंगात बुडवून काढला होता. गिऱ्हाईक त्याच्यावरच तुटून पडायचं. आठवड्याभरात तो विरघळला. सेठने दुसरा रंगवून ठेवला, गिऱ्हाईक पुन्हा खूश.

तिथे मला देवदत्तने पसंत केलं. तो अंबरनाथला एका केमिकल कंपनीत ऑफिसर आहे. सेठ पाण्याबद्दल, मिठाबद्दल सांगायला लागला, तर हा म्हणाला, मी केमिकलवाला आहे, मला पाणी शिकवू नका. सेठने हात जोडले आणि एकच गोष्ट सांगितली, "साहब, बाकी सब आप देख लोगे. सिर्फ इसको टाइम पे झिंगा डालना." देवदत्तने मान हलवली. मान तो फार छान हलवतो. वरिष्ठांसमोर रोजची सवय आहे ना.

घरी आल्यावर त्याने माझ्या सोबतीला एक निळा मासा आणला. मी तो दुसऱ्या दिवशी खाल्ला. माझ्या अंगाला चिकटलेला मासा मी खातो, ही माझी रीत आहे, आणि ती कुठल्याही पुस्तकात लिहिलेली आहे. देवदत्तने मात्र सगळ्यांना सांगितलं की मासा उडी मारून बाहेर पडला. स्वतःचा अडाणीपणा झाकायला त्याने मेलेल्या माशाला उडी मारायला लावली. पुढे त्याने दोन जोकर मासे आणले. त्यांना माझा डंख लागत नाही, ते माझ्या अंगाखांद्यावरच राहतात. तेव्हापासून तो पाहुण्यांना सांगतो, "ही एक पूर्ण इकोसिस्टम आहे." हा शब्द तो एका संध्याकाळी पाच वेळा वापरतो.

खोटं कशाला बोलू, मोजमाप त्याला येतं. आरओचं पाणी, समुद्री मीठ, तापमान, सगळं वेळच्या वेळी. आठवड्यातून दोनदा लांब चिमट्याने कोलंबी द्यायचा. बघायला कोणी असलं तर तिसऱ्यांदाही द्यायचा.

मग श्रावण आला. देवदत्त आयुष्यात कधी श्रावण पाळत नव्हता. पण यंदा कंपनीत नवे मोठे साहेब आले होते आणि ते कडक पाळायचे. ते कळल्यापासून हाही पाळायला लागला. त्याच्या बायकोला, वृंदाला, मनापासून आनंद झाला. दीप अमावास्येला तिने फ्रीजर रिकामा करून धुतला आणि माझ्या कोलंबीचं पाकीट कामाच्या गोजरबाईंना देऊन टाकलं. महिनाभर घरात मासळी नाही, असं ठरलं. माझ्या डोक्यावर दोन मासे पोहत होते. ते मासळीत मोडत नाहीत, कारण ते शोभेचे.

आणि मग या केमिकलवाल्याने मला पनीर दिलं.

होय, पनीर. प्रोटीन ते प्रोटीन, असं त्याने वृंदाला समजावलं. मी ते थुंकलं. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, मी पुन्हा थुंकलं. पनीर दगडांच्या फटीत सडत गेलं, पाणी दुधट झालं. मी आक्रसून मुठीएवढा झालो, तोंड उघडं पडलं. आमच्यात तोंड उघडं पडलं म्हणजे शेवट जवळ आला असं समजायचं. जोकर मासेही मला सोडून कोपऱ्यात जाऊन राहिले. देवदत्त रोज पाणी मोजायचा, वहीत आकडे लिहायचा आणि पुन्हा पनीर टाकायचा. मी मरणार होतो, आणि तेही एका माणसाला साहेबाची मर्जी हवी होती म्हणून.

मला वाचवलं गोजरबाईंनी. त्या बदलापूरजवळच्या खेड्यातून यायच्या. या घरी नऊ वर्षं आणि याच इमारतीत आणखी तीन घरी त्यांची धुणीभांडी होती. माझं त्यांना कौतुक होतं असं नाही. डोळ्यांदेखत काही फुकट जाताना त्यांना बघवत नसे, इतकंच. एका दुपारी वृंदा झोपलेली असताना त्यांनी चहाच्या गाळणीने सगळं पनीर उपसलं. मग कमरेची पिशवी सोडली आणि एक कोलंबी माझ्यावर सोडली.

"खा बाबा," त्या म्हणाल्या. "तुला कसला आलाय श्रावन. तुझाच खाऊ हाय, मी नुसता सांभाळला."

वृंदाने दिलेल्या पाकिटातलीच होती ती. नंतर रोज दुपारी एक मिळू लागली. चौथ्या दिवशी देवदत्त दुसऱ्या पाळीमुळे घरी होता. त्याने गोजरबाईंना कोलंबी टाकताना पाहिलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चालू द्या, मावशी. वृंदाला कळू देऊ नका. पूजेला मोठे साहेब येणार आहेत, तोवर हा फुलायला पाहिजे."

आणि मी फुललो. दोन आठवड्यांत ताटाएवढा पसरलो, जोकर मासे परत आले. सत्यनारायणाचा चौरंग टाकीशेजारीच मांडायचा असं देवदत्तने ठरवलं, फोटोत दोन्ही यावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी पूजेच्या गडबडीत जमणार नाही, म्हणून गोजरबाईंनी आदल्या दुपारी घाईघाईत दोन कोलंब्या घातल्या. त्यांची सालं काढायला त्यांना वेळ मिळाला नाही.

आता माझ्या देहाची एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मला तोंड एकच. जे पचत नाही, ते त्याच वाटेने बाहेर येतं, साधारण एका दिवसाने.

पूजा झाली, आरती झाली. मोठे साहेब प्रसादाचा द्रोण हातात घेऊन टाकीसमोर उभे राहिले आणि देवदत्तने इकोसिस्टम सुरू केली. मी आवळून धरलं होतं. खरंच धरलं होतं. पण देह ऐकेना. शेपटीसकट एक गुलाबी साल माझ्या तोंडातून बाहेर पडलं, मूर्ख जोकर माशाने ते तोंडात धरून वर नेलं आणि बरोबर साहेबांच्या नाकासमोर आणून सोडलं.

दुसऱ्या मजल्यावरची किर्ती वाकून बघत म्हणाली, "ही कोलंबी आहे ना?"

साहेबांनी द्रोणातल्या शिऱ्याकडे पाहिलं आणि तो तसाच टीपॉयवर ठेवला. ते पाहून देवदत्तचा चेहरा उतरला. त्याने गोजरबाईंना स्वयंपाकघरातून हाक मारली.

"पूजेच्या घरात मासळी आणलीत, मावशी? नऊ वर्षांत एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

गोजरबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळ्यांसमोर तो उघडा पडला असता. त्या बोलल्या नाहीत. चारचौघांत मालकाची अब्रू घालवायची नाही, पाहुणे गेले की तो स्वतःच सांगेल, असं त्यांनी धरलं असावं.

"चुकलं साहेब," त्या म्हणाल्या.

पाहुणे गेले. तो काही बोलला नाही. रात्री वृंदाने त्याला विचारलं, तुला माहीत होतं का. तो म्हणाला, "मला कसं माहीत असणार?" दुसऱ्या दिवशी वृंदाने गोजरबाईंचा पगार हातावर ठेवला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आठवड्याच्या आत किर्तीने त्यांना काढलं, मग उरलेल्या दोन्ही घरांनी. नऊ वर्षं ज्या जिन्याने त्या वरखाली करत होत्या, तिथे आता त्यांना वॉचमनही वर सोडत नाही. देवदत्तला नंतर बढती मिळाली. असल्या माणसांना ती मिळतेच.

मी तेव्हाच ठरवलं होतं, या माणसाच्या हातचं खायचं नाही. मी मेलो की एका दिवसात टाकीचं सगळं पाणी नासेल, त्याचे मासे मरतील, आणि त्याची इकोसिस्टम बादलीने उपसून त्याला संडासात ओतावी लागेल. हे मला फार आवडलं होतं. मी तोंड घट्ट मिटून बसलो.

गणपती गेले, घरात पुन्हा मासळी आली. देवदत्त लांब चिमटा घेऊन टाकीपाशी आला, वृंदा मोबाईल धरून उभी राहिली. कोलंबी माझ्या अंगाला लागली.

मी ती खाल्ली. शेपटीसकट खाल्ली, आणि दोन दिवसांनी दुसरी दिली तीही खाल्ली.

आता मी पूर्वीपेक्षाही मोठा झालोय. पाहुणे येतात, टकटक करतात, तो पाच वेळा इकोसिस्टम म्हणतो. मी डुलत राहतो. तुम्हाला कुणाला गोजरबाई भेटल्या, आणि त्यांनी माझी चौकशी केलीच, तर माझ्यासाठी एवढं खोटं बोला. सांगा, तुम्ही गेलात त्याच आठवड्यात तो उपाशी मेला.