चंद्रभानचा हायबोडॉन्ट

"सांगून काय फायदा? कोणी खरं मानणारच नाही!" असं चंद्रभान म्हणाला की समजावं, आता अर्धा तास त्याला आवर नाही.

शहराच्या सदर भागातल्या, दगड तपासणाऱ्या एका ऑफिसात तो चपराशी. त्र्याऐंशी साल चालू होतं. त्या दिवशी मात्र तो खरंच भडकला होता. त्यानं आणून दिलेला, दगड झालेला माशाचा काटा, वीतभर लांब, एका कडेला दाते असलेला, रवींद्र साहेब शार्कच्या खणातून काढून दुसऱ्या खणात ठेवत होते.

"काहून हलवता जी? अठरा कोटी वर्षं झाले मरून, आन तुम्ही आता त्याचं खानदान बदलून राहिले?"

"अरे, हा शार्कसारखा दिसतो, पण शार्क नाही. हायबोडॉन्ट. कूळच वेगळं. शार्कचा चुलतभाऊ म्हण. पाठीवरच्या पराला असा काटा असायचा. आता वंशाला दिवा उरला नाही त्यांच्या."

"माशाचं कूळ दोनदा लिहिता! आन आणणाऱ्याचं नाव एकदाबी नाही? म्या काय घोडं मारलं तुमचं?"

साहेबांनी नवी चिठ्ठी घेतली, पेनाचं टोपण काढलं. "बरं, सांग कसा सापडला. लिहितो तुझं नाव."

मग काय! सिरोंच्याची गोदावरी त्या टेबलाखालूनच दुथडी वाहू लागली. चंद्रभान छातीभर पाण्यात उतरला. काटा टाचेतून शिरून घोट्यातून निघाला. धंतोलीच्या तीन डॉक्टरांचे चिमटे मोडले. शेवटी यानंच पाय तोंडाशी नेऊन दातानं काटा उपसला.

साहेबांनी भिंग लावलं. "या दात्यांत हे लाल काय आहे?"

"माहं रक्त जी! दुसरं काय?"

त्याची वहिनी जनाबाई डबा घेऊन कधीची दारात उभी होती. कोष्ट्याची बाई, उभा जन्म मागावर गेलेला. तिनं डबा असा आदळला की वरणाचं झाकण उडालं.

"रक्त? लुगडे विकाले सिरोंच्याले मी गेलती, साहेब. नदीकाठी हा काटा मले सापडला. तुटकी फणी समजून बारा वर्षं याच्यानं ताण्याच्या सुताची गुंतवळ सोडवली म्या. दोन दिवसांसाठी मागून नेला यायनं, आन इथं आणून ठेवला!"

तिनं नखानं दात्यातलं लाल टोक धरलं आणि ओढलं. बोटभर सूत लोंबलं.

"हे माह्या लुगड्याच्या काठाचं सूत हाय. खोटं बोलता, भाऊजी! रक्ताचा कधी धागा निघते काय?"