तुळशीच्या वाटणीचं पाणी

“तुळशीला पाणी घालेस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, उमे. घराला आग लागली तरी आधी बादली घे, बोंब मग मार.”

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण उमा रोज पहाटे जागी व्हायची ती हाच आवाज कानात घेऊन. उठायचं, आवरायचं, देवपूजा करायची, अंगणातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं आणि मगच दिवसाचा पहिला शब्द उच्चारायचा. तिचा नवरा केशव चेष्टेनं म्हणायचा, “आमच्या घरात सगळ्यात सुखाचा वेळ तेवढाच.”

त्या उन्हाळ्यात मात्र हा साधा नेमही जड जायला लागला. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. पडेगावच्या पुढं ही नवी कॉलनी झाली, प्लॉट विकले गेले, घरं उठली, गच्च्यांवर काळ्या टाक्या बसल्या; नळ तेवढे यायचे राहिले. सगळी भिस्त टँकरवर. जायकवाडी धरण मृतसाठ्यात गेल्याचं पेपरात रोज छापून येत होतं. म्हणून उमा रात्रीच एक तांब्या गाळून, वर ताटली झाकून देवघरापाशी ठेवायची. ते तुळशीच्या वाटणीचं पाणी. घरात कुणी त्याला हात लावत नसे.

शेजारची मोनिका लासूर स्टेशनकडची, शेतकऱ्याच्या घरची; माहेर-सासर दोन्ही तिकडचंच. तिचा नवरा सोमनाथ वाळूजला कंपनीत होता. मोनिका येणार म्हणजे ती दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. फाटकापासून सुरू झालेलं वाक्य स्वयंपाकघरात येऊन संपायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. मागच्या श्रावणात उमा खुलताबादला भद्रा मारुतीच्या, त्या निजलेल्या मूर्तीच्या दर्शनाला गेली, तेव्हा हात जोडल्या जोडल्या तिच्या तोंडून निघूनच गेलं होतं, “माझ्या मोनिकाची कूस उजव. अनवाणी चालत येईन, गूळ वाटीन.” हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, मोनिकाला तर नाहीच.

त्या दिवशी सकाळी पूजा आटोपून उमा उठते न उठते तोच मोनिका आत आली. फाटकापासून एक शब्द नाही.  मोनिकाच्या हातात दवाखान्याची फाईल होती. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडता रडता तिला अशी उचकी लागली की श्वासच पुरेना.

उमा पाण्याला धावली. माठ कोरडा, पिंपात तळाशी गाळ. टँकर आदल्या दिवशी यायचा होता, तो आलाच नव्हता. राहिला होता तो देवघरापाशी झाकलेला तांब्या. उमा क्षणभर थबकली. मग ताटली बाजूला करून तिनं तांब्या मोनिकाच्या तोंडाला लावला. मोनिका गटागटा सगळं प्यायली.

आणि मग उमाच्या ध्यानात आलं. आता टँकर येईपर्यंत आपल्याला बोलता यायचं नाही.

तिच्या जिभेवर तर सगळं तयार होतं. होईल गं. धीर सोडू नकोस. आमच्या ओळखीत एकीला असंच झालं होतं. गुरुवार धरून बघ. सगळं तिथंच अडकलं. काय करावं न सुचून ती मोनिकाच्या मागं बसली, तिची वेणी सोडली आणि वाटीतलं तेल तिच्या टाळूवर घालून हळूहळू चोळायला लागली.

“काल रिपोर्ट आला, ताई,” मोनिका म्हणाली. “डॉक्टरीणबाई म्हणल्या, साठा लई कमी आहे. मी म्हणलं, म्याडम, ते तर रोज पेपरात येतंय!” ती खुदकन हसली आणि लगेच पुन्हा डोळे भरले. “अंडी संपत आलीत म्हणं माझी. एवढ्या लवकर. उपचार हायेत, पण भरवसा देत नाय म्हणल्या.”

उमाची बोटं केसांतून फिरत राहिली.

“रात्री लासूरला फोन केला. सासूबाई म्हणल्या, घाबरू नको, खंडोबाला बोकड बोललाय. तो बोकड गोठ्यात बांधलाय, ताई! गेलं की माझ्याकडं टकामका बघतो. माझ्या रिपोर्टानं खूश झालेला सगळ्या जगात तो एकटाच असंल.”

उमाला हसू फुटलं. आवाज निघू नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचं अंग गदगदतंय हे पाठीला जाणवलं तशी मोनिकाही हसली. मग बराच वेळ बोलत राहिली; सोमनाथ रात्री न जेवताच झोपला ते, जावेच्या मुलीचं बारसं, बायकांच्या नजरा. मधे कुणी टोकलं नाही, की उपाय सांगितला नाही. बोलून बोलून ती हलकी झाली.

“सगळ्यांनी देवाला काही ना काही बोललंय,” शेवटी ती म्हणाली. “आता सगळे माझ्या तोंडाकडं बघायलेत. दुसऱ्यांच्या आशेचं लई ओझं व्हतं, ताई. तू तरी माझ्यासाठी काही मागू नको. मला तुझ्याकडं नुसतं येऊन बसता आलं पाहिजे. दे वचन.”

उमाच्या डोळ्यांपुढं भद्रा मारुती उभा राहिला. तिनं मान हलवली. वचन दिलं गेलं.

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला.

टँकरवाल्या सर्जेरावाची रीत अशी, की ज्या दारातून हाक येईल तिथंच तो थांबायचा. उमा तांब्या घेऊन फाटकाबाहेर धावली. हात हलवले, तांब्या दाखवला, उड्या मारल्या. सर्जेरावानं तिच्याकडं कौतुकानं बघितलं आणि टँकर पुढं काढला. तशी मोनिका तेलकट केस मोकळे सोडून रस्त्यावर आली.

“ओ सर्जेराव! आंधळे झाले का? बाई नाचायली तुमच्यापुढं, दिसंना का?”

टँकर करकचून थांबला. सर्जेरावानं मान बाहेर काढली. “मला वाटलं कुणाची मिरवणूक आहे. हाक तर मारायची, वहिनी!”

गल्ली हसली. मोनिकाला तर हसू आवरेना. हसता हसता ती उमाकडं वळली. “ताई, तू अजून बोलली नाहीस? तुळशीचं पाणी कुठं गेलं आज?”

उमानं बोट तिच्याकडं केलं.

“मी प्याले?” मोनिकानं कपाळावर हात मारला. “म्हणून एवढा वेळ गप होय! आणि मला वाटलं, उमाताई किती शहाणी झाली!”

नळीतून आलेलं पहिलं पाणी तिनं स्वतः तांब्यात धरलं. उमानं ते तुळशीला घातलं, नमस्कार केला, आणि मग मोनिका कान देऊन उभी राहिली.

“चहा टाकू?” उमा म्हणाली.

“एवढा दम धरून हेच?” मोनिका पुन्हा हसत सुटली.

चहा पिताना मात्र उमाला राहवेना. “मी आधीच बोलून बसलेय गं. श्रावणात. भद्रा मारुतीला.”

मोनिकाचा कप मधेच थांबला. “तू पण?”

“बोकड नाही हं,” उमा घाईघाईनं म्हणाली. “गूळ. आणि अनवाणी चालत.”

“परत घे.”

“देवाला बोललेलं परत घेता येत नाही. फेडता येतं.”

“काही झालंच नाही तर फेडणार काय?”

“न होताच फेडते. नवस फिटला की माझं मागणं संपलं. मग मी काही तुझ्या तोंडाकडं बघत बसलेली नसेन.”

मोनिकानं कप खाली ठेवला. मग नाक पुसून म्हणाली, “मारुती चक्रावंल. असं गिऱ्हाईक त्यानं बघितलं नसंल.”

“तो झोपलेलाच असतो.”

“बरं, मग शनिवारी जा. मी दुपारी स्कूटीवर चपला घेऊन तिकडं येते. येताना उन्हात चालायचं नाय. आणि गूळ पयला मला.”

शनिवारी उमा अंधारातच उठली. पूजा केली. तुळशीच्या वाटणीचा तांब्या मात्र ताटली झाकून तसाच ठेवला. तुळशीला पाणी घातलं की तोंड मोकळं झालं, आणि देवापुढं उभं राहिल्यावर आपलं तोंड काय करतं हे तिला ठाऊक होतं. परत येऊन पाणी घालायचं, तोवर आज मौन. तांब्याला हात लावायचा नाही, असं तिनं केशवला रात्रीच बजावलं होतं. त्या झोपलेल्या देवापुढं गूळ ठेवायचा, हात जोडायचे आणि त्याला न उठवता माघारी फिरायचं.

गुळाची पुरचुंडी पदराशी धरून तिनं फाटकाची कडी आवाज न करता लावली. मोनिकाच्या खिडकीत अजून दिवा नव्हता. रात्रीच्या गारव्यानं डांबर अजून निवलेलं होतं. उमानं त्यावर अनवाणी पाऊल ठेवलं आणि ती खुलताबादच्या रस्त्याला लागली.