मिकाजा डॉर्सेटचा भरवसा

मिकाजा डॉर्सेट आमच्या केंटकीचा गव्हर्नर झाला तेव्हा गावाने बंदुका उडवल्या. मी नाही. तरुणपणी आम्ही दोघं डोंगर ओलांडून बरोबर इकडे आलो, एका घोंगडीत झोपलो; त्याला मी आतून ओळखतो. एका वाईट हिवाळ्यात त्याने घरोघरी मीठ वाटलं. वसंतात पलटणीचा कप्तान निवडायचा होता, तो हाच झाला. मग पदरमोड करून ओढ्यावर पूल बांधला, आणि पुढच्या वर्षी विधानसभेत जाऊन बसला. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याने एक हात पुढे केला की दुसरा कुठे आहे, ते मी आधी बघतो.

आता त्याची मुदत संपत आली होती आणि तो काँग्रेससाठी, म्हणजे देशाच्या कायदेमंडळासाठी, कर्नल लोव्हेलविरुद्ध उभा होता. माझा जॅरेड तेव्हा तुरुंगात होता. गिरणीवर भांडण झालं, जॅरेडने ढकललं, समोरचा जात्याच्या दगडावर आपटला नि मेला. सोमवारी मतदान होतं आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी फाशी. माफी एकट्या गव्हर्नरच्या हातात.

माझी बायको केझाया त्याच्या घरी जाऊन आली.

"काय म्हणाला?"

"सगळं ऐकून घेतलं. कॉफी दिली. बघतो म्हणाला. आणि एनॉकला सांगा, सोमवारी मताला नक्की ये."

"म्हणजे सौदा."

"असेना का सौदा. पोरगं जातंय माझं. एक नाव घ्यायला तुमची जीभ झिजते का?"

आमच्याकडे मत तोंडाने देतात. कचेरीच्या ओसरीवर शेरीफ विचारतो, माणूस मोठ्याने नाव घेतो, कारकून लिहितो. उमेदवार तिथेच बाकावर बसलेले असतात. ज्याचं नाव निघतं तो उठतो आणि वाकून आभार मानतो. अंगणात दोघांची व्हिस्कीची पिंपं; ज्याला मत, त्याच्या पिंपातून प्यायचं.

रांगेत माझ्यामागे सायलस क्रम्प होता. "काय एनॉक, आज गव्हर्नरसाहेबांचं मीठ गोड लागणार म्हणे?" आसपासचे हसले.

 डोकं भणभणत होतं. मत पदरात पडलं की गरज सरो वैद्य मरो. मिकाजाला मग जॅरेड कशाला आठवेल? शिवाय सायलससारखे ओरडणार, माफी विकली म्हणून. आणि नावाला जपणारा हा माणूस माफीच्या कागदाला हातसुद्धा लावणार नाही. त्याचं नाव घेतलं तर पोरगा जातो, नाही घेतलं तरी जातो; मग त्याला मत तरी कशाला द्यायचं? कुंपणाबाहेर केझाया उभी होती. तिच्याकडे मला बघवेना.

"एनॉक पेल, कुणाला?" शेरीफने विचारलं.

"कर्नल लोव्हेल."

 कर्नल लोव्हेल गडबडून उठले. त्यांच्या आधी मिकाजा उठला होता. कोटातून कागद काढून त्याने तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

"जॅरेड पेलची माफी," तो मोठ्याने म्हणाला. "आता कुणी म्हणू नये की या माफीसाठी मत मागितलं."

 कागद देताना तो कानाशी आला. "तू लोव्हेलचंच नाव घेणार, ठाऊक होतं मला. जगात मला भरवसा असेल तर तो तुझ्या संशयाचा, एनॉक."

माझ्यामागून सायलस पुढे झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मिकाजा डॉर्सेट." त्याच्यामागचाही. त्याच्याही मागचा. संध्याकाळी लोव्हेलचं पिंप अर्धं भरलेलं राहिलं.

जॅरेड घरी आला. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडलो. मिकाजाने मला वापरलं असेल तर वापरू दे, म्हटलं. असा वापर रोज होवो. केझायाने मिकाजासाठी डुकराची धुरावलेली मांडी फडक्यात बांधली. "बघा, तुम्ही त्या माणसाला उगाच नावं ठेवत होतात," ती म्हणाली.

मग तिने जॅरेडकडून माफीचा कागद वाचून घेतला. तो सावकाश वाचत शेवटी आला, सही आणि तारीख.

"तारीख पुन्हा वाच," केझाया म्हणाली.

त्याने वाचली. केझाया मिकाजाच्या घरी गेली होती, त्याच दिवसाची तारीख होती.

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत केझाया एकही रात्र झोपली नव्हती.  मग तिने फडक्याची गाठ सोडली, मांडी आमच्याच टेबलावर ठेवली आणि सुरी माझ्या हातात दिली.

"कापा," ती म्हणाली. "पोरगं उपाशी आहे."