खुंटी ढिली होती

मी उजवा बूट बोलतोय. डावाही इथंच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल.

ओद नदीकाठच्या आमच्या गावात इलेर बार्दू नावाच्या मोच्यानं मला शिवलं, आपल्या मुलासाठी, सेर्नांसाठी. इलेर गावच्या रग्बी क्लबाचा अध्यक्षही होता. पंधरा जणांचं रग्बी, म्हणजे त्याच्या मते एकमेव रग्बी. तळव्याला कातड्याच्या खुंट्या ठोकताना तो मुलाला म्हणाला, "तू मोडशील, ह्या नाही मोडायच्या."

सेर्नां संघात अगदी कडेला उभा असायचा. चेंडू त्याच्यापर्यंत यायच्या आधीच माणसांच्या ढिगात अडकायचा. कित्येक रविवारी मी गेलो तसा कोराच परत आलो. नदीपलीकडच्या गावात तेरा जणांचं रग्बी चालायचं. माणसं कमी, जागा जास्त. एका वसंतात सेर्नां मला घेऊन पुलापलीकडे गेला.

त्यानं धर्म बदलला असता तर फक्त पाद्री रागावला असता. हे त्याहून वाईट होतं. क्लबानं त्याला जन्मभरासाठी बाद केलं. ठराव बापानंच मांडला. कॅफेत लोक विचारायचे, "काय रे, तुमची दोन माणसं कुठं हरवली? पोलिसांत कळवलंत का?"

"तुमच्याकडेच असतील बघा, कडेला रिकामी उभी," सेर्नां म्हणायचा.

बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. रविवारी जेवायला मात्र यायचंच. "ओदेत, त्याला विचार, पाव हवाय का," असं तो बायकोला सांगायचा. एकदा ती बहिणीकडे गेली, तर दोघांनी अळणी सूप मुकाट्यानं संपवलं. मीठ मागणार कोण? मी दाराशी बसून सगळं ऐकत होतो. माझ्या खुंट्या झिजल्या की नदीपलीकडचा मोची नव्या ठोकायचा. परक्याचा हात लागायचा, त्याचं मला फार दुःख व्हायचं.

तेरांच्या खेळात आडवा पडलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायानं मागं सारतो. मागं त्याचाच माणूस उभा असतो. हे सारण्याचं काम माझं. वर्षानुवर्षं मी ते नेटानं केलं.

मग एका शरदात, द्राक्षतोडणी उरकल्यावर, शेजारच्या गावाशी बापाच्या क्लबातल्या जुन्या खेळाडूंचा सामना ठरला. आमचा पंधरावा गडी कंबर धरून घरी बसला. उरला होता तो फक्त बाद केलेला सेर्नां. सगळे अध्यक्षाकडे बघू लागले. म्हातारा म्हणाला, "ओदेत, त्याला विचार, बूट आणलेत का."

सामना बरोबरीत असताना सेर्नां चेंडूसकट आडवा झाला. पंधरांत अशा वेळी चेंडू सोडून गप पडून राहायचं असतं. सेर्नां उठला, त्यानं चेंडू ठेवला आणि मी तो झकास मागं सारला. मागं आमचं कुणीच नव्हतं. समोरच्यांचा जाडा पाववाला होता. तो चेंडू उचलून चालत गेला आणि आमच्या रेघेपलीकडे टेकवून गुण घेऊन आला.

कुणीतरी ओरडलं, "तेरावाला!"

म्हातारा काठी टेकत मैदानात आला. कसाबसा गुडघ्यावर बसला, मला सेर्नांच्या पायातून काढलं, खुंट्या एकेक करून चाचपल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खुंटी ढिली आहे. पाय सरकला पोराचा." मग खालच्या आवाजात, "कुठल्या गाढवानं ठोकली रे ही? उद्या दुकानात घेऊन ये."

"आणतो, बाबा."

ओदेत कडेलाच उभी होती. तिला कुणी काही विचारायला सांगितलं नाही.

माझी एकही खुंटी ढिली नव्हती. नाव खराब झालं ते माझं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

म्हातारा आता नाही. मी त्याच्या दुकानातल्या खिळ्याला टांगलेला असतो. येणारेजाणारे विचारतात, "हाच का तो ढिला बूट?" सेर्नां म्हणतो, "हाच." तुम्हीही कधी आलात तर या, बघा, हसा. फक्त खुंट्या हलवून बघू नका.